इंग्लिश क्लबांचा पैसा फुकटात वाचायचा तर : कंपनीज हाऊसच्या सेवेचं परीक्षण

इंग्लंडमधला एखादा क्लब नव्या मालकाच्या हाती गेला की आठवड्याभरात दोन वाक्यं कानावर येतात. ‘मालक पैसा ओतणार’ हे एक, आणि ‘मालकाने क्लब कर्ज काढून घेतला’ हे दुसरं. ओतलेला पैसा क्लबला कधी फेडावा लागणार आहे का, आणि कर्ज कोणाच्या डोक्यावर आहे, हे कुठल्याच पत्रकार परिषदेत कळत नाही. त्यासाठी कागद लागतो, आणि तो ब्रिटनच्या कंपनी निबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावर पडलेला असतो. कार्यालयाचं नाव कंपनीज हाऊस. जून २०१५पासून तिथले कागद मोफत आहेत. त्याआधी प्रत्येक कागदाला पैसे मोजावे लागत. वाचण्यासाठी खातंही उघडावं लागत नाही.

हे परीक्षण फक्त फुटबॉलपुरतं आहे. क्लबमालकाचा पैसा शोधणाऱ्या वाचकाला ही सेवा कितपत उपयोगी पडते आणि कुठे दगा देते, एवढंच इथे पाहायचं आहे. निकाल आधीच सांगायचा तर दहापैकी साडेसात. कापलेले अडीच गुण कशाचे, ते पुढे येईल.

बरोबर कंपनी सापडणं

अर्ध्या लोकांची गाडी इथेच चुकते. शोधपेटीत क्लबचं नाव टाकलं की रांगेने कंपन्या येतात: महिला संघाची, धर्मादाय संस्थेची, चाहत्यांच्या मंडळाची, कधीच बंद पडलेल्या दोनचार आणि नाव अडवून ठेवण्यासाठी काढलेल्या काही रिकाम्या. खरी कंपनी मात्र क्लबचं नाव लावतेच असं नाही. वेस्ट हॅमचे एकत्रित हिशेब ‘डब्ल्यूएच होल्डिंग लिमिटेड’च्या नावावर असतात, वुल्व्ह्‌जच्या वरची कंपनी ‘डब्ल्यू. डब्ल्यू. (१९९०) लिमिटेड’ आणि साउदॅम्प्टनची ‘सेंट मेरीज फुटबॉल ग्रुप लिमिटेड’.

त्यामुळे नावाने शोधूच नका. ब्रिटिश कंपनीला तिचं नोंदणीकृत नाव आणि क्रमांक आपल्या संकेतस्थळावर छापावाच लागतो. क्लबच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी किंवा अटी-शर्तींच्या पानावर तो आठ आकडी क्रमांक असतो. तोच शोधपेटीत टाकावा.

आता वर चढायचं. ‘पीपल’ या भागात संचालकांच्या यादीशेजारी ‘पर्सन्स विथ सिग्निफिकंट कंट्रोल’ ही यादी आहे. एप्रिल २०१६पासून ती बंधनकारक आहे आणि २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा किंवा मतं असणाऱ्याचं नाव तिथे असायलाच हवं. बहुतेक क्लबांच्या बाबतीत तिथे माणूस नसतो, दुसरी कंपनी असते. त्या कंपनीचा क्रमांक घ्या, तिचं पान उघडा, पुन्हा तेच. तीन-चार पायऱ्यांत माणूस तरी लागतो किंवा साखळी ब्रिटनबाहेर जाते.

या यादीत दोन खाचखळगे आहेत. हिस्सा नेमका दिसत नाही, पट्टा दिसतो: २५ ते ५०, ५० ते ७५, ७५ आणि पुढे. आणि २० टक्क्यांचा भागीदार, तो कितीही वजनदार असो, इथे येतच नाही. त्याच्यासाठी ‘कन्फर्मेशन स्टेटमेंट’ उघडावं लागतं. ते दरवर्षी येतं, पण भागधारकांत बदल झाला नसेल तर ‘विथ नो अपडेट्स’ एवढीच ओळ असते. मागे मागे जात ‘विथ अपडेट्स’ लिहिलेलं स्टेटमेंट गाठायचं. भागधारकांची माहिती तिथे मिळते.

साखळी कुठे तुटते

साखळी समुद्रापलीकडे गेली की ही सेवा हात वर करते. मँचेस्टर युनायटेडची सर्वांत वरची कंपनी केमन बेटांवर नोंदलेली आहे. टॉटनहॅमचा धागा बहामामध्ये जातो, फरहाद मोशिरी यांच्या काळातल्या एव्हर्टनचा आइल ऑफ मॅनला आणि आर्सेनलचा अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात. मँचेस्टर सिटीच्या हिशेबांत शेवटी अबू धाबीतल्या न्यूटन इन्व्हेस्टमेंट अँड डेव्हलपमेंटचं आणि तिचे मालक शेख मन्सूर यांचं नाव येतं. त्या कंपनीचे स्वतःचे हिशेब इथे नाहीत.

युनायटेडच्या बाबतीत हळहळायचं कारण नाही. २०१२पासून त्यांचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आहेत, त्यामुळे तिमाही आणि वार्षिक अहवाल अमेरिकी शेअर बाजार नियामकाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, आणि ते कंपनीज हाऊसमधल्या कागदांपेक्षा कितीतरी सविस्तर असतात. इतरांच्या बाबतीत ‘रजिस्टर ऑफ ओव्हरसीज एंटिटीज’ जरूर पाहावं. ऑगस्ट २०२२मध्ये सुरू झालेल्या या नोंदवहीत ब्रिटनमध्ये जमीन किंवा इमारत धारण करणाऱ्या परदेशी कंपन्यांना आपला खरा मालक सांगावा लागतो. स्टेडियम किंवा सरावाचं मैदान परदेशी कंपनीच्या नावावर असेल तर ही वाट उघडते. मालकाने नुसते शेअर धरले असतील तर उघडत नाही.

हिशेब वाचण्याचा क्रम

‘फाइलिंग हिस्टरी’त गेल्यावर वरच्या गाळण्या वापरा: ‘अकाउंट्स’, ‘कॅपिटल’, ‘चार्जेस’, ‘ऑफिसर्स’. गाळणी न लावता वाचायला बसलं तर संचालकांच्या येण्याजाण्यातच दिवस जातो.

मोठ्या क्लबचे वार्षिक हिशेब बहुधा पीडीएफमध्ये, आणि तेही कागद स्कॅन करून चढवलेले असतात. त्यात शब्द शोधता येत नाही, तक्ता उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही. पान थोडं तिरकं असेल तर अक्षरओळख करणारं साधनही ६चं ८ करतं. आकडे हाताने उतरवावेत आणि बेरीज जुळते का ते बघूनच पुढे जावं. कापलेल्या अडीच गुणांपैकी एक याचा.

सुरुवातीला अध्यक्षांचं निवेदन असतं. ते सोडून द्या, त्यातलं सगळं आधीच वर्तमानपत्रात येऊन गेलेलं असतं. थेट शेवटी जा आणि टिपा उलट्या क्रमाने वाचत या. शेवटच्या दोन-चार टिपांत बहुतेक वेळा तीन महत्त्वाच्या गोष्टी असतात: अंतिम नियंत्रक कोण, संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, आणि ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घडामोडी. उन्हाळ्यात घेतलेले-विकलेले खेळाडू, नवं कर्ज, मालकाने घातलेलं नवं भांडवल हे सगळं त्या तिसऱ्या टिपेत येतं. त्यानंतर देण्यांची टीप: एका वर्षाच्या आत फेडायचं किती, नंतर किती, आणि त्यात इतर क्लबांना द्यायचे ट्रान्सफरचे हप्ते किती. मग रोख प्रवाह. नफा-तोटा सर्वांत शेवटी, कारण रंगसफेदी करायला सर्वांत सोपं पान तेच आहे.

रंगसफेदी कशी होते ते समजायला खेळाडूच्या किमतीचं गणित यायला हवं. ६ कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर खेळाडू घेतला तर नफा-तोट्यात दरवर्षी १.२ कोटी खर्च पडतो. दोन वर्षांनी पुस्तकात त्याची किंमत ३.६ कोटी उरते. तेव्हा तो ५ कोटींना विकला, तर घेतलेल्या किमतीपेक्षा एक कोटी कमी येऊनही हिशेबात १.४ कोटींचा नफा दिसतो. स्वतःच्या अकादमीतून आलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत शून्य असते, म्हणून त्याची पूर्ण विक्री हा निव्वळ नफा. हिशेबाचं वर्ष संपायच्या तोंडावर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात घरचे पोरगे का विकले जातात, याचं उत्तर या एका ओळीत आहे. चेल्सीने आठ-साडेआठ वर्षांचे करार करून हा वार्षिक खर्च पातळ केला होता. युएफा या युरोपीय फुटबॉलच्या नियामक संस्थेने २०२३च्या उन्हाळ्यात आणि प्रीमियर लीगने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ही वाटणी पाच वर्षांवर रोखली. करार आठ वर्षांचा करता येतो, खर्च मात्र पाचातच बसवायचा.

मालकाचा पैसा: कर्ज की भांडवल

या सेवेचा खरा फायदा इथे आहे. मालकाने पैसा दिला म्हणजे काय केलं, हे दोन वेगळ्या कागदांवर दिसतं. नवे शेअर घेऊन दिला असेल तर महिन्याभरात ‘एसएच ०१’ नावाचा अर्ज सादर होतो. त्यात किती शेअर, किती किमतीला, कोणत्या तारखेला हे सगळं असतं. हिशेब यायला वर्षभर लागतं. हा कागद चार आठवड्यांत येतो. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये सौदी गुंतवणूक निधीच्या पुढाकाराने ३०.५ कोटी पौंडांना न्यूकॅसल घेतला गेला, त्यानंतर त्यांच्या मालकांनी पैसा मुख्यतः याच मार्गाने आत आणला. असा पैसा क्लबला फेडायचा नसतो.

कर्जाचा पैसा निराळा. तो हिशेबाच्या टिपेत येतो आणि त्याच्या अटी तिथे वाचायच्या असतात: व्याज आहे का, कधी परत मागता येईल, कोणती कंपनी देते. ब्रायटनचे टोनी ब्लूम यांनी दिलेलं कर्ज २०२३च्या जूनअखेर ३७.३३ कोटी पौंड होतं आणि त्यावर व्याज नव्हतं. लेस्टरच्या मालकांनी त्याच वर्षी १९.४ कोटींचं कर्ज भांडवलात बदललं. त्या दिवशी क्लबच्या खात्यात नवा पैसा आला नाही, पण देणं मिटलं. बातमीत ‘मालकाने १९ कोटी घातले’ असं आलं तर एसएच ०१मध्ये मोबदला रोख होता की कर्जाच्या बदल्यात, ते पाहावं.

एकाच कंपनीवर थांबलं की काय होतं, याचं जुनं पण अजूनही उत्तम उदाहरण चेल्सीचं आहे. रोमान अब्रामोविच यांच्या काळात क्लबच्या कंपनीचे हिशेब पाहून कुणीही ‘कर्जमुक्त’ म्हणालं असतं, आणि क्लब तसं म्हणतही असे. एक पायरी वर ‘फोर्डस्टॅम लिमिटेड’ होती. तिच्या ताळेबंदात मालकाशी संबंधित कंपनीचं सुमारे १५० कोटी पौंडांचं बिनव्याजी कर्ज होतं, १८ महिन्यांची नोटीस देऊन परत मागता येणारं. २०२२मध्ये अब्रामोविच यांच्यावर निर्बंध आले आणि विक्रीच्या वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा सगळ्यांचे डोळे त्या एका टिपेकडे लागले होते.

नव्या मालकांच्या काळातली तऱ्हा वेगळी. २०२२-२३मध्ये स्टॅमफर्ड ब्रिजलगतची दोन हॉटेलं ‘ब्लूको २२ प्रॉपर्टीज’ या भगिनी कंपनीला ७.६५ कोटी पौंडांना विकली गेली. पुढच्या वर्षी महिला संघ समूहातल्याच दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि २०२३-२४चा करपूर्व नफा १२.८४ कोटी पौंड दिसला. उपकंपन्या विकून आलेला १९.८७ कोटींचा नफा त्यातून काढला की उरतो सुमारे ७ कोटींचा तोटा. प्रीमियर लीगच्या नियमांत असे व्यवहार चालत होते. युएफाने ते उत्पन्न धरलं नाही, आणि २०२५च्या जुलैमध्ये चेल्सीला एकूण ३.१ कोटी युरोंचा दंड भरण्याच्या तडजोडीवर सही करावी लागली. असा व्यवहार पकडायचा असेल तर ‘उपकंपनी विकून झालेला नफा’ किंवा ‘स्थावर मालमत्ता विकून झालेला नफा’ ही ओळ शोधा आणि घेणारी कंपनी कोण, तिचे संचालक कोण, हे दुसऱ्या खिडकीत उघडा. दोन्हीकडे तीच नावं दिसली तर काम झालं.

एक तांत्रिक फट मात्र ध्यानात असू द्या. पूर्ण मालकीच्या उपकंपनीला त्याच समूहातल्या कंपन्यांशी झालेले व्यवहार टिपेत उघड न करण्याची सूट ब्रिटिश लेखा मानकात आहे. रोख प्रवाहाचं पत्रकही अशी कंपनी गाळू शकते. टिपेत ‘सूट घेतली आहे’ एवढं एकच वाक्य दिसलं की तो कागद मिटवून मूळ कंपनीचे एकत्रित हिशेब उघडायचे.

तारणांचं पान

सगळ्या संकेतस्थळावर सर्वांत कमी वाचलं जाणारं आणि सर्वांत जास्त सांगणारं पान हे. ‘चार्जेस’ म्हणजे क्लबने कोणाकडे काय गहाण ठेवलं त्याची यादी. तारण निर्माण झाल्यापासून २१ दिवसांत त्याची नोंद करावी लागते. न केल्यास क्लब बुडाल्यावर सावकाराचा त्या तारणावरचा हक्क अवसायकापुढे, म्हणजे कंपनी मोडीत काढणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, टिकत नाही. म्हणून ही नोंद वेळेवर होतेच. ती करण्यात सावकाराचाच स्वार्थ असतो, क्लबच्या इच्छेवर ती अवलंबून नाही.

नोंद उघडली की सावकाराचं नाव, तारीख, तारणात काय आहे आणि ते फिटलं की नाही हे दिसतं. ‘फ्लोटिंग चार्ज’ कंपनीच्या सगळ्या मालमत्तेवर आहे असं लिहिलं असेल तर सावकाराचा हात सगळीकडे पोहोचतो. ‘निगेटिव्ह प्लेज’ असेल तर त्याच्या परवानगीशिवाय दुसरीकडे गहाण टाकता येत नाही. जोडलेला दस्त पूर्ण वाचावा. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून लीगकडून येणारे पैसे गहाण आहेत, की विकलेल्या खेळाडूचे पुढचे हप्ते, की स्टेडियमच, हे तिथे कळतं. हप्ते गहाण असतील तर अनेकदा खेळाडूचं आणि विकत घेणाऱ्या क्लबचं नावही दस्तात असतं. व्याजाचा दर आणि कर्जाची रक्कम मात्र बहुधा सापडत नाही, कारण कर्जाचा मूळ करार सादर करावा लागत नाही. तो आकडा पुढच्या हिशेबांत शोधायचा.

बर्नलीचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२०मध्ये एएलके कॅपिटलने क्लब घेतला त्या सुमारास एमएसडी या सावकार कंपनीच्या बाजूने तारणं नोंदली गेली. कर्जाचा आकडा, ६.५ कोटी पौंड, हिशेबांत नंतर आला. ग्लेझर कुटुंबाने २००५मध्ये ७९ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेड घेतला तेव्हाही खरेदीच्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच गळ्यात पडला होता. घेणाऱ्याने कर्ज काढावं आणि ते घेतलेल्या वस्तूने फेडावं, या प्रकाराचा पहिला वास लागतो तो तारणांच्या पानावर.

स्टेडियम वेगळ्या कंपनीत गेलं असेल तर त्या कंपनीचं तारणांचं पानही बघावं. डर्बीचं प्राइड पार्क मालक मेल मॉरिस यांच्याच कंपनीने सुमारे ८ कोटी पौंडांना घेतलं होतं. २०२१मध्ये क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीतल्या प्रशासकाच्या हाती, गेल्यावर नव्या खरेदीदाराला क्लब एकाकडून आणि मैदान दुसऱ्याकडून घ्यावं लागलं, आणि वाटाघाटी महिनोन्‌महिने लांबल्या.

तारखा

आकड्यांत कलाकुसर करता येते. कंपनी कधी जन्मली ही तारीख निबंधकाच्या शिक्क्याची असते. शेफील्ड वेन्सडेने ३१ जुलै २०१८ला संपलेल्या वर्षाच्या हिशेबात हिल्सबरो स्टेडियम मालकाशी संबंधित कंपनीला सुमारे ६ कोटी पौंडांना विकल्याचं दाखवलं आणि त्यातून सुमारे ३.८ कोटींचा नफा धरला. त्या नफ्यामुळे लीगने घातलेली तोट्याची मर्यादा सांभाळली गेली. घेणारी कंपनी ‘शेफील्ड ३ लिमिटेड’. तिचं पान उघडलं तर स्थापनेची तारीख जून २०१९ची. जी कंपनी अस्तित्वातच नव्हती तिला २०१८मध्ये स्टेडियम कसं विकलं, हा प्रश्न विचारायला लेखापाल असण्याची गरज नव्हती. त्या वर्षात तो नफा धरणं चूक होतं असा निर्णय झाला; २०२०मध्ये लीगच्या गुणतक्त्यात १२ गुणांची कपात झाली आणि अपिलात ती ६वर आली. ऑक्टोबर २०२५मध्ये क्लब आणि ही स्टेडियमवाली कंपनी दोन्ही ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेल्या.

याच प्रकरणात दुसरी खूणही होती. हिशेबाचं वर्ष मेअखेरीऐवजी जुलैअखेर संपेल असं क्लबने मध्येच बदललं होतं. हा बदल ‘एए ०१’ या अर्जाने होतो. तो अर्ज दिसला की कान टवकारावेत. वर्ष लांबवणं साधारणपणे पाच वर्षांत एकदाच जमतं, आणि तेही १८ महिन्यांपर्यंत. आखूड करायला मात्र मर्यादा नाही. इथे एक जुनी युक्ती आहे: वर्ष एका दिवसाने आखूड करायचं, की अर्जाच्या तारखेपासून हिशेब सादर करायला तीन महिने मिळतात. मुदत संपायच्या आदल्या दिवशी असा अर्ज आला असेल तर आत काहीतरी जुळत नाही, लेखापरीक्षक सही करत नाही किंवा मालक पुढच्या वर्षाच्या पैशाची हमी देत नाही, असं समजायला हरकत नाही.

वर्षाची शेवटची तारीख केवढी महत्त्वाची ठरते ते लेस्टरने दाखवलं. त्यांचं वर्ष ३० जून २०२३ला संपलं. तोवर संघ खालच्या श्रेणीत उतरला होता आणि प्रीमियर लीगचा सदस्य राहिला नव्हता. सप्टेंबर २०२४मध्ये अपील मंडळाने म्हटलं, त्या वर्षासाठी तोट्याच्या मर्यादेवरून लीगला कारवाईचा अधिकारच नाही.

साधारण नियम असा: खासगी कंपनीला वर्ष संपल्यापासून ९ महिने, पब्लिक लिमिटेडला ६. मुदत उलटली की पानावर ‘ओव्हरड्यू’ असं ठळक दिसतं. खासगी कंपनीला उशिराचा दंड १५० पौंडांपासून सुरू होतो आणि सहा महिन्यांवर उशीर झाला तर १,५०० पौंड. लागोपाठ दुसऱ्या वर्षी दुप्पट. अब्जाधीशाला हा दंड कसला लागतो! खालच्या श्रेणीत इंग्लिश फुटबॉल लीग नवे खेळाडू नोंदवायला बंदी घालते, ते झोंबतं.

उरलेले दीड गुण

एक गुण विश्वासार्हतेचा. वर्षानुवर्षं हे कार्यालय आलेला कागद जसाच्या तसा चढवत असे; खरा की खोटा हे तपासण्याचे अधिकार त्याला फारसे नव्हते. २०२३च्या कायद्याने चित्र बदलायला घेतलं. मार्च २०२४पासून निबंधक शंका विचारू शकतो, कागद परत पाठवू शकतो, आणि १८ नोव्हेंबर २०२५पासून संचालकांची ओळख पडताळणी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. तरी जुन्या नोंदी तशाच आहेत. एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी सापडतात, एकीत मधलं नाव असतं, दुसरीत नसतं. नव्या मालकाचा पूर्वेतिहास पाहताना त्याच्या एका नोंदीवर टिचकी मारून समाधान मानू नका. जन्माचा महिना-वर्ष जुळवून बाकीच्या शोधा आणि त्यातल्या किती कंपन्या अवसायनात गेल्या ते मोजा. डिसेंबर २०१८मध्ये बरी क्लब एका पौंडाला विकला गेला आणि २७ ऑगस्ट २०१९ला लीगमधून बाहेर काढला गेला. त्यांचं गिग लेन मैदान गहाण असल्याचं विक्रीच्या आधीपासून या संकेतस्थळावर होतं.

अर्धा गुण छोट्या क्लबांचा. लहान कंपनीला नफा-तोटा पत्रक सादर न करण्याची मुभा आहे. एप्रिल २०२५नंतर सुरू होणाऱ्या वर्षांसाठी १.५ कोटी पौंडांपर्यंत उलाढाल, ७५ लाखांपर्यंत मालमत्ता आणि ५०पर्यंत कर्मचारी, या तीनपैकी दोन निकषांत बसलं की कंपनी ‘लहान’. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतले कितीतरी क्लब एवढाच ताळेबंद देतात. पगार किती, तिकिटांचे किती, काही कळत नाही. अशा वेळी दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवून राखीव निधीतला फरक काढायचा. त्यावरून तोट्याचा अंदाज येतो. मध्ये नवं भांडवल आलं असेल तर ते वजा करायला विसरू नये.

आणि एक काम या सेवेकडून करून घेऊ नये: नियमभंगाचा निकाल. प्रीमियर लीगच्या जुन्या नियमात तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपर्यंत तोटा चालत असे, त्यातले ९ कोटी मालकाने भांडवल घालून भरून काढले तरच. एव्हर्टन १.९५ कोटींनी ओलांडून गेला आणि त्याचे १० गुण कापले गेले, अपिलात ६ झाले. नॉटिंगहॅम फॉरेस्टची मर्यादा ६.१ कोटीच होती, कारण तीनपैकी दोन वर्षं ते खालच्या श्रेणीत होते, तिथे ३.४५ कोटींचा भंग आणि ४ गुण. हे आकडे काढताना अकादमी, महिला संघ, समाजकार्य आणि बांधकामाचा घसारा वजा होतो, आणि त्या वजावटी सादर केलेल्या हिशेबांत वेगळ्या काढून दाखवलेल्या नसतात. त्यामुळे नुसत्या कागदांवरून ‘अमका क्लब अडकला’ म्हणणारा माणूस अंदाज करतो आहे, एवढं लक्षात ठेवावं. २०२६-२७पासून लीगने मोजमाप बदलून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत असा नियम स्वीकारला आहे. त्यात पगार आणि खेळाडूंच्या किमतीचा वार्षिक खर्च यांना महत्त्व येईल, आणि या दोन्ही ओळी कागदांत निदान दिसतात तरी.

रोजच्या वापरासाठी

मोफत खातं उघडलं की कंपनीच्या पानावर ‘फॉलो’ करता येतं आणि नवा कागद आला की ईमेल येतो. पत्र बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पोहोचतं. क्लबच्या समूहातल्या सगळ्या कंपन्या फॉलो केल्या तर डबा भरून जातो. तीन पुरतात: ज्या कंपनीत खेळाडू आणि पगार आहेत ती, जिच्या नावावर स्टेडियम आहे ती, आणि ब्रिटनमधली सर्वांत वरची. शेवटची चुकली तर चेल्सीच्या फोर्डस्टॅमसारखं होतं.

३० जूनला वर्ष संपणाऱ्या क्लबांचे हिशेब ३१ मार्चपर्यंत येतात, ३१ मेला संपणाऱ्यांचे फेब्रुवारीअखेर. चांगला नफा झालेला क्लब जानेवारीतच स्वतःच्या संकेतस्थळावर गाजावाजा करतो. मार्चच्या शेवटच्या संध्याकाळी, शक्यतो शुक्रवारी, गुपचूप चढवलेले हिशेब आधी उघडावेत, आणि त्यातही लेखापरीक्षकाचा अहवाल. ‘गोइंग कन्सर्न’ या शब्दांशेजारी ‘मटीरियल अनसर्टन्टी’ असं दिसलं, तर पुढचे बारा महिने क्लब चालेल की नाही याची खात्री त्यालाही देता आलेली नाही. तशी ओळ असेल तर लगेच तारणांचं पान उघडून गेल्या तीन महिन्यांत नवा सावकार आला का ते पाहावं.